वहिवाट

महसूल खात्याच्या चाकरीत ज्याने आयुष्याची दहा-बारा वर्षे खर्ची घातली आहेत, त्याला मनुष्यजातीच्या इतिहासाविषयी फारसे अज्ञान उरत नाही. कारण इतिहासाचे जे मूळ बीज, म्हणजे वहिवाट, ते त्याच्या टेबलावर रोज मिसलीच्या रूपाने येऊन पडत असते. एखाद्या पावसाळ्यात नेहमीच्या गाडीवाटेवर गुडघाभर चिखल होतो, म्हणून कोणी एक शेतकरी शेजाऱ्याच्या बांधावरून बैल हाकत नेतो. शेजारी भिडेखातर गप्प बसतो. पुढच्या साली चिखलाचे नाव नसतानाही बैल त्याच बांधावरून जातात, कारण बैलांना आता तीच वाट ठाऊक असते. आणि पुढे केव्हातरी शेजाऱ्याच्या नातवाने त्या ठिकाणी बाभळीच्या काट्या टाकल्या की तहसिलीत अर्ज दाखल होतो, की आमची वाडवडिलांपासूनची पूर्वापार वहिवाट अडविण्यात आली असून ती खुली करून मिळावी. या चिखलाच्या माहात्म्याला कायद्यानेही मान दिला आहे. 1882 च्या सुविधाधिकार अधिनियमात असा हक्क पक्का होण्यास 20 वर्षांचा अखंड उपभोग सांगितला आहे, आणि वाट अडली असता 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली सहा महिन्यांच्या आत दावा गुदरावा लागतो. परक्याची जमीन बळकावून बसलेल्यालासुद्धा मालक म्हणून मिरवायला 12 वर्षे कळ काढावी लागते.

माझ्या घरात ही मुदत एक वर्षाची आहे.

परभणीतील ज्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मी, माझे कुटुंब, नऊ वर्षांची कन्या आणि सहा वर्षांचे चिरंजीव असे चौघे नांदतो, तेथील कायदेमंडळ, न्यायमंडळ आणि दफ्तरखाना ही तिन्ही खाती कन्येकडे आहेत. एखादी गोष्ट एकदा घडली तर ती केवळ घटना असते. पण पुढच्या वर्षी त्याच तिथीला ती घडली नाही, तर कन्या कमरेवर हात ठेवून विचारते, ''काऊन? दरवर्षी तर असंच असतं ना!'' या 'दरवर्षी'चा अर्थ 'गेल्या वर्षी' असा आहे, हे तिला पटवून देण्याचे माझे सर्व यत्न फुकट गेले आहेत. आमच्या कचेरीत फेरफाराची नोटीस लावली तर हरकतीसाठी 15 दिवस तरी मिळतात. कन्येच्या दफ्तरात नोंद आधी मंजूर होते आणि पक्षकाराला वर्दी मागाहून लागते.

या धामधुमीत आमच्या घराण्याची म्हणून जी एक अस्सल परंपरा आहे, तिचा मला साहजिकच अभिमान होता. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर, नाण्यांच्या व झेंडूच्या शेजारी, आमच्याकडे एक वीतभर लांबीची गंजकी लोखंडी किल्ली मांडली जाते. माझे आजोबा, म्हणजे तात्या, निजामाच्या अमदानीत पेशकार होते आणि 17 सप्टेंबर 1948 नंतरही त्याच खुर्चीत राहून त्यांनी लष्करी अंमल, हैदराबाद राज्य, 1956 चे द्वैभाषिक मुंबई राज्य आणि 1 मे 1960 चा महाराष्ट्र इतकी स्थित्यंतरे खुर्ची तसूभरही न हलविता पाहिली. फक्त दफ्तरातली उर्दू जाऊन मराठी आली तेव्हा त्यांनी चष्मा बदलला, असे सांगतात. ही किल्ली सरकारी खजिन्याची असून आजोबांच्या इमानावर खूश होऊन कोणा अव्वल तालुकदाराने ती त्यांना बक्षीस दिली, अशी आख्यायिका मी लहानपणापासून ऐकत आणि मोठेपणी, थोडीशी पदरची भर घालून, सांगत आलो होतो. आमच्या ज्येष्ठ बंधूंनी पुण्याच्या सदनिकेत जागेच्या अभावी या किल्लीवरील हक्क सोडला, तेव्हा मी ती रेशमी रुमालात गुंडाळून परभणीला आणली. मुलांच्या पोरकट वहिवाटींपुढे कुलाचार म्हणजे काय चीज असते, हे दाखविण्यास ही किल्ली मला फार उपयोगी पडे.

पोरकट वहिवाटींपैकी आद्य म्हणजे अनारशांची. कन्या तीन वर्षांची असताना माझ्या कुटुंबाने प्रथमच स्वतंत्रपणे अनारसे घातले. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, चौथ्या दिवशी पंचावर सावलीत कोरडवून, कुटून, चाळून, त्यात गूळ कालवून पिठाचा गोळा डब्यात मुरत ठेवण्यापर्यंतचा विधी यथासांग झाला होता. पहिला अनारसा, खसखस वरच्या अंगाला ठेवून, तिने तुपात सोडला मात्र, त्याच्या मध्यभागी एक छिद्र पडले, मग तीन पडली, मग काठ सुटले, आणि बघता बघता तो सगळ्या कढईभर पसरून केवळ एक सोनेरी, बुडबुडणारी जाळी तेवढी उरली. या दुर्घटनेला 'अनारसा हसला' असे म्हणणाऱ्या आपल्या पूर्वज स्त्रियांच्या विनोदबुद्धीला तोड नाही; कारण अनारसा हसतो तेव्हा कढईपाशी दुसरे कोणीही हसण्याच्या मनःस्थितीत नसते. त्या दिवशी एकजात सगळे हसले. माझ्या मुखातून त्या समयी 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही आमच्या गावाची सर्वश्रुत म्हण निघून गेली. या म्हणीत आमचा गौरव आहे की उपहास, याचा निकाल गावाने आजवर लावलेला नाही. कुटुंबाने मात्र तिचा अर्थ तत्क्षणी लावला आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. झाऱ्याने काढलेला तो चुरा वाटीत घालून, त्यावर दूध ओतून आम्ही कन्येपुढे ठेवला. तिने वाटी चाटून पुसून साफ केली.

पुढल्या वर्षी सासूबाईंच्या देखरेखीखाली अनारसे असे उतरले की जाळीतून पलीकडचे दिसावे. कन्येने एक उचलला, उलटा-सुलटा केला आणि परत ताटात ठेवला. ''हे आपले अनारसे नाहीत,'' ती म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरी एक घाणा बुद्धिपुरस्सर हसविला जातो. पण दैवगती अशी विचित्र, की जी स्त्री पहिल्या वर्षी प्रयत्न करूनही अनारशाला गंभीर ठेवू शकली नाही, तिला आता त्याला हसविता येत नाही. गेल्या साली तिने गूळ वाढविला, आच मंद ठेवली, मी सुचविल्यावरून अर्धे केळेही कुस्करून घातले. तरी तो मेला शाळातपासनीसासारखा मख्ख चेहऱ्याने गोल, खुसखुशीत होऊन वर आला. शेवटी दार लोटून घेऊन आम्ही दोघांनी तो खलबत्त्यात घालून फोडला आणि दुधात बुडविला. परंपरेच्या रक्षणार्थ कागदपत्रांत फेरफार करण्याचा हा प्रसंग माझ्या आयुष्यातला पहिलाच होय.

दुसरी वहिवाट नरकचतुर्दशीची. चार वर्षांपूर्वी त्या दिवशी माझी झोप चाळवली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाचा एक काटा दोनवर व दुसरा चारवर होता. यांतला धाकटा कोणता आणि थोरला कोणता, याचा विवेक अंधारात व झोपेत मला राहिला नाही. चार वाजून दहा मिनिटे झाली असे समजून मी सर्वांना उठविले. पाणी तापले, सुवासिक तेल लागले, उटण्याने पोरांच्या पाठी खसाखसा घासल्या गेल्या, न्हात्या मुलांना ओवाळले गेले. नव्या कपड्यांच्या घड्या मोडल्या, आणि मग गॅलरीत येऊन पाहतो तो आकाशात अरुणाचा पत्ता नाही, गल्लीत एकाही घरी दिवा नाही, आणि वैकुंठापर्यंत पोचेल अशी नीरव शांतता. घड्याळ पुन्हा पाहिले. तीन वाजून दहा. म्हणजे आम्ही दोन वाजून वीस मिनिटांनी उठलो होतो. पोरे न्हाऊन टवटवीत झालेली. त्यांना पुन्हा निजविणे ब्रह्मदेवालाही साध्य नव्हते. फटाका लावावा तर गल्ली अंगावर येईल. अखेर या नगरीत या वेळी जागे असणारे एकच स्थळ मला आठवले, आणि नव्या वस्त्रांनिशी, ओल्या केसांनिशी, अंगाला उटण्याचा दरवळ अशा थाटात आम्ही चौघे एका स्कूटरवरून परभणी स्थानकावर येऊन दाखल झालो.

परभणी हे जंक्शन आहे. निजामाच्या रेल्वेने मनमाडहून निघून गोदावरीच्या खोऱ्यातून जो लोहमार्ग घातला, त्यावरचे हे गाव. येथून एक फाटा गंगाखेडवरून परळी वैजनाथाला जातो. ज्यांना कोठेतरी जायचे असते असे लोक तेथे रात्री-अपरात्री पथारी पसरून पडलेले असतात. त्यांच्या मधोमध, ज्यांना कोठेच जायचे नाही असे आम्ही, फलाटाची तिकिटे काढून बाकावर ओळीने बसलो. चहावाल्याने एकदा आमच्याकडे, एकदा रुळांकडे पाहिले.

''कोण येऊ लालंय, साहेब?''

''कोणी नाही.''

''मग जाऊ कोण लालंय?''

''कोणीच नाही.''

त्याने मुलांच्या कपाळावरचे कुंकू पाहिले, जरा विचार केला, आणि आपण एखाद्या नवसाच्या आड येत आहोत अशा समजुतीने दुधाचे पैसे घेतले नाहीत. मग मुंबईकडची एक गाडी आली. खिडकीतून डोळे चोळीत बाहेर पाहणाऱ्या प्रवाशांना चिरंजीवांनी, मांडीवरून हात हलवून, जणू परभणी जिल्ह्याच्या वतीने दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या. आणि एका वृद्ध बाईंनी गजांतून बशीभर चिवडा बाहेर काढून त्याच्या ओंजळीत घातला. एवढे होताच वहिवाटीला काय कमी पडले? आता प्रतिवर्षी आम्ही नरकचतुर्दशीस दोन वाजून वीस मिनिटांनीच उठतो. त्यासाठी मी गजर लावतो. सूर्योदयापूर्वी न न्हाणारा नरकात जातो असे शास्त्र आहे. मध्यरात्रीनंतर लगेच न्हाऊन रेल्वेच्या फलाटावर जाणाऱ्याची गती काय, याविषयी धर्मसिंधुकार मौन पाळतात की काय, हे पाहण्याचे धैर्य मला झालेले नाही.

पाडव्याला गंगाखेड. तेथे सासूबाईंचे अंगण आहे, आणि अंगणात आमच्याकडील रीतीप्रमाणे शेणाच्या गवळणी मांडल्या जातात: डोक्यावर दुरड्या घेतलेल्या, पेंद्या, कृष्ण, पाचही पांडव, त्यांच्यावर झेंडूच्या पाकळ्या नि कापसाची वस्त्रे. दोन वर्षांपूर्वी आजीची नजर चुकवून चिरंजीवांनी उरल्या शेणाची एक मोटारसायकल करून ती कृष्णाला दिली. सासूबाई चिडतील असे मला वाटले. त्या बाईने ती वस्तू दुरून, जवळून न्याहाळली, आरशाच्या जागी दोन झेंडूच्या पाकळ्या खोचल्या आणि म्हणाल्या, ''असू द्या. त्यालाबी गोकुळातून मथुरेला जायचंच होतं की.'' गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. देवाला घरकामाला लावण्याची तेथे सातशे वर्षांची तालीम आहे, तेव्हा त्याला वाहन मिळाल्याचे कोणास विशेष वाटू नये, हे ठीकच. पण गेल्या वर्षी मोटारसायकलीवर भीमही बसला, आणि त्याच्या भाराने ती मोडली. तेव्हा यंदा ट्रॅक्टर होणार, अशी दरखास्त आहे.

इतर गावांचा सणांचा हंगाम तुळशीच्या लग्नाने आटोपतो. परभणीचा मात्र तेथे केवळ तहकूब होतो, आणि हुरड्याच्या दिवसांतून, म्हणजे पहाटे विद्यापीठाच्या शिवारात ज्वारीची ताटे थंडीने अंग चोरून उभी असतात त्या कडाक्यातून निघून, फेब्रुवारीच्या आरंभी हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसात पुनश्च भरास येतो. दर्ग्यापुढे हिंदू-मुसलमान दोघांची सारखीच रीघ. नारळ, चादरी, उदाचा धूर. आणि पलीकडे आकाशपाळण्यांची, खाजाच्या परातींची, गाद्या-रगांची, मौत के कुएँतील फटफटींची अशी एक दुसरीच राजधानी वसलेली. या राजधानीत तीन वर्षांपूर्वी आमचे चिरंजीव हरवले. अवघी वीस मिनिटे. परंतु त्या वीस मिनिटांत कुटुंबाने जितके नवस बोलून ठेवले, तितके फेडण्यास माझी भविष्यनिर्वाह निधीची शिल्लक अपुरी आहे. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर आवाज आला: ''निळं स्वेटर घातलेला एक मुलगा आमच्यापाशी आहे. वडिलांचं नाव बाबा सांगतो. राहणार घर. तरी बाबांनी ताबडतोब मांडवाकडे यावे.'' मी धावत गेलो तेव्हा माझ्याआधी चार-पाच बाबा तेथे पोचले होते. चिरंजीव टेबलावर पाय हलवीत बसले होते, हातात पेढा होता, आणि समोर ध्वनिक्षेपक होता. एवढे वैभव त्याने घरी कधी भोगले नव्हते.

पुढील साली उरुसाला निघताना तो म्हणाला, ''बाबा, मला कुठं हरवायचं?''

रडारड झाली. रुसवा झाला. अखेरीस उभयपक्षी तडजोडीने असे ठरले, की आईने मांडवापासून दहा पावलांवर हात सोडावा, त्याने एकट्याने आत जाऊन स्वतःस हरवलेला म्हणून रुजू करावे, आणि मी मांडवामागे उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभे राहून घोषणा होईपर्यंत यत्किंचितही न हसता वाट पाहावी. मांडवातल्या स्वयंसेवकांनी आरंभी याला हरकत घेतली, ती रास्तच होती; पण पेढा आम्हीच घरून पाठवितो हे कळल्यावर ती मागे घेण्यात आली. यंदा तर त्यांतला एक मला पाहून म्हणाला, ''उशीर केला, साहेब. गेल्या साली आठलाच हरवला होता.''

या सर्व प्रकाराला अण्णा, म्हणजे माझे तीर्थरूप, आजवर पुण्याहून दूरध्वनीवरून हसत असत. गेल्या दिवाळीस मात्र ते परभणीस आले. दोन वीसला मी त्यांना उठविले तेव्हा त्यांनी शब्दही न बोलता न्हाणे उरकले आणि काठी टेकीत फलाटावर आमच्यासमवेत येऊन बसले. चहावाल्याने न सांगता पाच पेले आणले. मी, जरा ओशाळून, कन्येला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, ''अण्णा, हा सगळा पोरखेळ आहे. खरा कुलाचार उद्याच. खजिन्याची किल्ली मांडायची.''

''कसली किल्ली?'' अण्णा म्हणाले.

''तात्यांना बक्षीस मिळालेली. तालुकदाराकडून.''

अण्णांनी पेल्यातल्या चहावर हळूच फुंकर घातली. मग म्हणाले, ''ती होय! ती कोंडवाड्याची रे.''

हकीकत अशी निघाली, की 1960 च्या दिवाळीत तात्या एका गावी कोंडवाड्याचा हिशेब तपासावयास गेले असता, कुलूप उघडून जनावरे मोजली, पुन्हा घातले, आणि किल्ली अनवधानाने कोटाच्या खिशात राहिली. घरी आल्यावर ती हरवू नये म्हणून त्यांनी लक्ष्मीपूजनाच्या पाटावर, सर्वांच्या डोळ्यांपुढे राहील अशी ठेवली. पाडव्याच्या सकाळी म्हशीचा मालक दंड भरावयास आला, किल्ली मिळेना, तेव्हा त्याने दगडाने कुलूप फोडून म्हैस नेली. कोंडवाड्याला नवे कुलूप आले आणि जुनी किल्ली निरुपयोगी म्हणून कोणी परत मागितली नाही.

''मग पुढल्या वर्षी ती पाटावर कशी आली?'' मी विचारले.

अण्णा जरा वेळ बोलले नाहीत. रुळांवर दूर कोठेतरी एक दिवा दिसू लागला होता, आणि त्याकडेच पाहत ते म्हणाले, ''पुढल्या वर्षी तात्यांनी नव्हतीच मांडली. मी मांडायला लावली. मी सहा वर्षांचा होतो. भुई थोपटून रडलो म्हणे, दरवर्षी किल्ली असते म्हणून.''

मी चोरून कन्येकडे पाहिले. ती रुळांकडे पाहत होती, पण ज्या अर्थी ती काहीच विचारीत नव्हती, त्या अर्थी तिने अक्षरन्‌अक्षर ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाट मांडला. नाणी ठेवली, झेंडू ठेवला, रेशमी रुमाल सोडून किल्ली ठेवली. कुटुंब निरांजन लावीत असता कन्या हळूच पुढे झाली आणि फ्रॉकच्या खिशातून काढलेली एक चिठ्ठी तिने किल्लीच्या दांडीखाली, वाऱ्याने उडू नये अशी, नीट दाबून ठेवली. ते अण्णांचे फलाटाचे तिकीट होते, दहा रुपयांचे. मी अण्णांकडे पाहिले, अण्णांनी माझ्याकडे पाहिले, आणि आम्ही दोघांनीही अक्षता वाहिल्या.